पंपावरची हवा की घरचा इन्फ्लेटर?

घोडबंदर रोडवरच्या पंपावर हवा फुकट, आणि चारही टायर झटपट होतात. पण ट्रॅफिकमधून सरकत तिथे पोहोचेपर्यंत टायर तापलेले असतात आणि दाब वाढलेला. तापमान साधारण दर 5-6 अंश सेल्सिअस वाढलं की 1 पीएसआय (हवेच्या दाबाचं एकक). मीटर 33 दाखवतो, पोरगा "बरोबर आहे साहेब" म्हणतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच टायर 30 वर. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवरचा स्टिकर थंड टायरचा आकडा सांगतो, हे पंपावर कोण लक्षात ठेवतं!

म्हणून माझं मत 12 व्होल्टच्या सॉकेटवर चालणाऱ्या छोट्या इन्फ्लेटरला, म्हणजे टायरमध्ये हवा भरायच्या यंत्राला. रात्रभर उभी असलेली गाडी, सोसायटीचं पार्किंग, खरा आकडा. वेळ लागतो, आणि रविवारी सकाळी त्याची घरघर पहिल्या मजल्यावरच्या काकांना आवडत नाही. बॅटरी उतरू नये म्हणून इंजिन चालू ठेवावं लागतं, तेव्हा बंदिस्त बेसमेंटमध्ये हा उद्योग नको. स्टेपनीही याच निमित्ताने तपासली जाते.

टायरमध्ये हवेऐवजी नायट्रोजन भरायला वेगळे पैसे? साध्या हवेत 78 टक्के तोच असतो.

टायर पार बसला असेल तर मात्र सरळ पंक्चरवाल्याला बोलवा.