औसा रोडवरचा बॅटरीवाला, लातूर: नवी बॅटरी गळ्यात मारत नाही

लग्न आटोपून मंगल कार्यालयाबाहेर आलो, तर गाडी ठार. रिमोट दाबला, हूं नाही की चूं नाही. आधी ज्यांना फोन केला ते दारात तार घालू म्हणाले, वर रबर फाटलं तर आमची जबाबदारी नाही!

मग मेहुण्यानं यांचा नंबर दिला. पोरगा स्कूटीच्या पायदानावर चार्ज केलेली बॅटरी ठेवून आला. "काका, चावी द्या." रिमोटच्या कडेची कळ सरकवून आतली लोखंडी चावी काढली, हँडलजवळची प्लास्टिकची टोपी अलगद उचकटली. आत चावीचं भोक. दार उघडलं, बॉनेट वर. लाल चिमटे आधी, काळा सगळ्यात शेवटी इंजिनच्या लोखंडाला. बॅटरीजवळ ठिणगी नको म्हणून. एका सेल्फमध्ये सुरू. मीटरवर १४ व्होल्ट, म्हणजे चालू गाडीत बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर ठीक.

टर्मिनलवरची पांढरी बुरशी गरम पाण्यानं धुऊन दिली. बॅटरी बदलायची का विचारलं, तर म्हणतो, "एवढा उन्हाळा बघा, मग ठरवू." असला दुकानदार मिळतो कुठं?

दुकानात बसायला मात्र धड खुर्ची नाही. घरीच बोलवा.