अल्बाट्रॉस वाचवायचा: फितींची दोरी की रात्रीची मासेमारी?

गोव्यातल्या मालीम जेटीवर मासळी उतरताना घिरट्या घालणारे कुरव आणि घारी आपल्या ओळखीच्या. अल्बाट्रॉस या मोठ्या समुद्रपक्ष्याचं जग मात्र मुख्यतः दक्षिण महासागराचं. तिथे लांबलचक दोरीवर हजारो गळ सोडणाऱ्या बोटींमागे तो आमिष हेरत येतो, गळ गिळतो आणि दोरीबरोबर बुडतो.

पहिला उपाय: बोटीच्या मागच्या खांबावरून रंगीत फितींची दोरी ताणायची; फडफडणाऱ्या फितींना बिचकून पक्षी गळांपासून लांब राहतात. युक्ती जपानी मच्छीमारांची. स्वस्त आणि दिवसाही चालणारी. पण आडव्या वाऱ्यात ती गळांवरून बाजूला सरकते, कधी त्यांच्यातच गुंतते. खलाशी वैतागणारच.

दुसरा: गळ रात्री सोडायचे. बहुतेक अल्बाट्रॉस दिवसा खातात, आणि वेगळं सामान काहीच लागत नाही. पौर्णिमेच्या आसपास मात्र हिशेब बिघडतो. शिवाय पांढऱ्या हनुवटीचा पेट्रेल हा दुसरा समुद्रपक्षी अंधारातही आमिषावर येतो.

एकच निवडायचा तर मी रात्र निवडेन: तेव्हा अल्बाट्रॉस सहसा गळापाशी येतच नाही, आणि त्याचा एकेक जीव मोलाचा. भटका अल्बाट्रॉस दोन वर्षांतून एकच अंडं घालतो, वीण सुरू व्हायलाच दहाएक वर्षं जातात; जोडीतला एक मेला तर पिल्लूही सहसा वाचत नाही. अर्थात २००४ पासून लागू असलेला आंतरराष्ट्रीय अल्बाट्रॉस-पेट्रेल संरक्षण करार हे दोन्ही कराच म्हणतो, वर गळ पटकन बुडावेत म्हणून त्यांच्या दोरीला वजनही लावायला सांगतो.