डेव्हनमधलं काडाच्या छपराचं शेतघर: दहा महिने राहिल्यावर

गेल्या ऑक्टोबरात आम्ही इंग्लंडमधल्या डेव्हनमध्ये एक जुनं शेतघर भाड्याने घेतलं. मातीच्या भिंती, गव्हाच्या काडाचं छप्पर, सरकारी वारसा यादीत ग्रेड टू, म्हणजे जपायची जुनी इमारत, बदल करायचा तर परवानगी लागते. माझ्या आजोळी, कोकणात, केंबळी घर होतं. तिथे दर पावसाळ्याआधी शाकारणी ठरलेली. इथलं काड फूटभर जाड आणि उतार जवळजवळ ५० अंशांचा, त्यामुळे पाणी मुरायच्या आत निथळतं. नीट शाकारलेलं छप्पर २५-३० वर्षं जातं, आढ्यावरचा थर तेवढा १०-१५ वर्षांनी बदलायचा. पन्हळ नाहीच. वळचण भिंतीच्या बरीच पुढे येते आणि पाणी थेट खडीवर पडतं. आत बसल्यावर पाऊस लागलाय हे खिडकीतून बघितलं तरच कळतं!

भिंती ‘कॉब’च्या. चिकणमाती, काड आणि पाणी तुडवून थरावर थर रचायचे, साचा लावायचा नाही, सुकत आलं की कडा तासायच्या. आमची भिंत मोजली, पावणेतीन फूट भरली. खिडकीच्या कोनाड्यात लेक मांडी घालून अभ्यास करते. खाली दगडी जोतं. कॉबला चांगली टोपी आणि चांगले बूट द्या, असं इथे म्हणतात, म्हणजे वर छप्पर, खाली जोतं आणि मधली भिंत कोरडी.

भिंत कोरडी राहणं किती गरजेचं आहे हे उत्तरेच्या खोलीने दाखवलं. कुणीतरी पूर्वी तिथे बाहेरून सिमेंटचा गिलावा केला होता. जानेवारीत आतून पोपडे सुटले, कपाटातल्या लोकरीच्या कपड्यांना बुरशी आली. मातीत शिरलेली ओल सिमेंटमुळे बाहेर पडत नव्हती. परवानगी मिळायला वेळ गेला, पण मालकांनी एप्रिलमध्ये सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करवला. जुलैपर्यंत भिंत कोरडी झाली. बाकीच्या खोल्यांत असा त्रास एकदाही नाही.

मला सगळ्यात भावला तो माळा. छपराचा तळचा थर काजळीने काळा आहे, बोट लावलं की डाग पडतो. मध्ययुगात धुराडं नव्हतं. माजघरासारख्या मोठ्या दालनात जमिनीवरच चूल पेटायची आणि धूर काडातून झिरपायचा. धुराडं आणि वरचा मजला नंतर घातला. शाकारणारे जुन्यावरच नवं काड चढवत गेले, म्हणून तो थर राहिला. डेव्हनमधल्या अशा थरांतून त्या काळचे गहू, राय आणि शेतातलं तणसुद्धा अभ्यासकांना सापडलंय.

दारं बुटकी आहेत, विमा महाग पडतो, धुराडं नियमित साफ करावं लागतं. तरी आम्ही करार वाढवला.

असं घर बघायला जाणार असाल तर थंडीत जा, उत्तरेच्या भिंतीवर हात ठेवा आणि सिमेंट कुठे कुठे लावलंय ते आधी विचारा.