सेकंडहँड बेंच मीटर घेताय? कॅलिब्रेशनच्या स्टिकरवर जाऊ नका

मल्टिमीटर (व्होल्टेज, करंट मोजायचं यंत्र) टेबलावरचा बेंच घ्यावा की हातात धरायचा हँडहेल्ड, हा वाद चालूच राहील, पण सेकंडहँड बेंच मीटरच्या नावाखाली काय खपवतात ते आधी बघा. मुंबईच्या एका विक्रेत्याकडून मी एचपी/एजिलेंटचा ३४४०१ए घेतला, साडेसहा डिजिटचा (म्हणजे खूप बारीक आकडे दाखवणारा), जुना पण दणकट मॉडेल. मागे याच वर्षीचं कॅलिब्रेशन (मीटर बरोबर मोजतो का याची तपासणी) स्टिकर, व्हॉट्सअ‍ॅपवर एनएबीएल (लॅबना मान्यता देणारी संस्था) मान्यतेच्या लॅबचं सर्टिफिकेट, पैसे यूपीआयने आधीच घेतले.

५ व्होल्टचा रेफरन्स (नेमकं माहीत असलेलं व्होल्टेज देणारा सोर्स) लावला तर ५.०११७. आकडा ढिम्म हलत नाही, आणि माणूस इथेच फसतो, एवढे डिजिट स्थिर दिसले की खरेच वाटतात. साध्या हँडहेल्डवर ५.०० येत होतं, पण अशा वेळी शंका हँडहेल्डवरच घेतली जाते ना! मित्राच्या लॅबमधल्या मीटरवर ५.०००२ आलं. या मॉडेलचं वर्षभराचं स्पेक, म्हणजे कॅलिब्रेशननंतर वर्षभरात चालणारी चूक, रीडिंगच्या ०.००३५ टक्के अधिक रेंजच्या (इथे १० व्होल्ट) ०.०००५ टक्के, ५ व्होल्टला पाव मिलिव्होल्टसुद्धा नाही, आणि इथे साडेअकरा मिलिव्होल्टचा फरक.

मग मीटरचा कॅल (कॅलिब्रेशन) मेनू उघडला. कॅल काउंट (कॅलिब्रेशनगणिक वाढणारा आकडा) आणि मेसेज बघायला कोड लागत नाही, लॅबवाले तिथे तारीख टाकू शकतात. मेसेजमध्ये २००९! सर्टिफिकेटवरचा सिरीयल नंबर पीडीएफमध्ये धूसर केलेला, झूम करून वाचला तर मागच्या प्लेटशी जुळेना. वर करंटच्या फ्यूजच्या जागी चक्क तार सोल्डर केलेली, म्हणजे नुसती फसवणूक नाही, जिवाशी खेळ.

विचारलं तर "सर, वापरलेला माल आहे, एवढं चालतं" आणि नंतर नंबर ब्लॉक. सायबर फसवणुकीच्या १९३० हेल्पलाइनवर तक्रार दिलीये.

घेणारच असाल तर व्हिडिओ कॉलवर मागची प्लेट आणि कॅल मेनू दोन्ही दाखवायला लावा, आणि सर्टिफिकेटचा नंबर सांगून थेट लॅबला विचारा, पण लॅबचा फोन एनएबीएलच्या यादीतून घ्या, सर्टिफिकेटवरचा नको. एसएमपीएस (स्विचिंग पॉवर सप्लाय), इन्व्हर्टर रिपेअर करणाऱ्याला खरं तर कॅट थ्री रेटिंगचा (मेन्सच्या वायरिंगवर वापरायच्या सुरक्षेचा), एचआरसी (मोठा करंट सुरक्षित तोडणाऱ्या) फ्यूजवाला बरा हँडहेल्ड पुरतो, फोर वायर रेझिस्टन्स (अगदी कमी रेझिस्टन्स अचूक मोजायची पद्धत) किंवा लॉगिंग (रीडिंग आपोआप नोंदवणं) लागत असेल तरच बेंचच्या मागे लागा.

आणि हो, त्या माणसाची जाहिरात अजून चालू आहे, मीटर दुसरा, सर्टिफिकेट तेच.