नऊ प्रश्नांचा कागद : आमच्या गावातल्या समुपदेशन केंद्राचा माझा अनुभव

चिपळूणच्या बाजारपेठेत माझं शिवणकामाचं दुकान आहे. ब्लाउज, ड्रेस, फॉल-पिको. २२ जुलै २०२१ च्या पुरात ते छतापर्यंत पाण्यात होतं. तीन मशीन, इंटरलॉक, गिऱ्हाइकांच्या साड्या, सगळ्यावर चिखल. तेव्हा मी रडले नाही. चिखल उपसला, कर्ज काढलं, दुकान उभं केलं. मन खचलं ते दीड वर्षानी, सगळं मार्गी लागल्यावर. सकाळी शटर वर करायचं आणि कात्री हातात घेऊन नुसतं बसायचं. लग्नसराईतले ब्लाउज वेळेवर गेले नाहीत. वर्षानुवर्षांची गिऱ्हाइकं दुसरीकडे वळली.

नणंदेनं आधी मोठ्या शहरातले एक समुपदेशक फोनवर गाठून दिले. एका वेळचे १२०० रुपये, अशा ११ वेळा बोलले. ते मन लावून ऐकायचे, चांगले विचार करा म्हणायचे. पण अकराव्या वेळी मी विचारलं, मला फरक पडतोय का? तर म्हणाले, तुम्हालाच जाणवेल. मला काहीच जाणवत नव्हतं. पैसे संपले तेव्हा थांबले.

नंतर गेले ते आमच्या गावातल्या दोन खोल्यांच्या केंद्रात. नाव टाकू नका असं तिथल्या ताई म्हणाल्या, म्हणून टाकत नाही. फी २०० रुपये, आणि नसतील तर नाही. ताई डॉक्टर नाहीत, प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशक आहेत. पहिल्या दिवशी त्यांनी नऊ प्रश्नांचा कागद पुढे ठेवला. गेल्या दोन आठवड्यांत कामात रस वाटला नाही, झोप लागली नाही, भूक गेली, असं किती दिवस झालं? प्रत्येक उत्तराला शून्य ते तीन गुण, एकूण २७. गुण जितके जास्त, तितका त्रास जास्त. नववा प्रश्न जिवाचं बरंवाईट करून घेण्याच्या विचारांचा. तो त्यांनी घाई न करता, माझ्या डोळ्यांत बघून विचारला. तोवर मला कुणीच हे विचारलं नव्हतं. रात्री-अपरात्री असं काही मनात आलं तर फोन करायला १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर वहीत लिहून दिला. तो फुकट आहे, चोवीस तास चालू असतो, मराठीत बोलता येतं.

माझे गुण आले १७. ताईंनी कागद माझ्याकडे वळवून दाखवला आणि म्हणाल्या, "दहाच्या खाली आणायचंय. दर वेळी मोजू. नाही उतरलं तर चूक तुमची नाही, आपण रीत बदलू."

मी विचारलं, ही रीत कुठली? त्यांनी सांगितलं ते इथे लिहिते, कारण मला त्याचा फार आधार वाटला. गोव्यातल्या संगत संस्थेनं १० प्राथमिक आरोग्य केंद्रांत नैराश्य असलेल्या ४९५ माणसांवर हे समुपदेशन तपासून बघितलं. सहा ते आठ भेटी, आणि समुपदेशन करणारी माणसं साधी, शिकवून तयार केलेली. तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ६४ टक्के लोकांचे गुण दहाच्या खाली आले होते, ज्यांना मिळालं नाही त्यांच्यात ३९ टक्के लोकांचे. २०१७ साली हे लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. म्हणजे शंभरातल्या छत्तीस जणांना त्यानं पुरेसा उतार पडला नाही, हेही ताईंनी स्वतःहून सांगितलं. माझा विश्वास बसला तो त्या क्षणी.

रीत ऐकायला साधी आहे. मन लागलं की काम करीन, असं मी म्हणायचे. त्या म्हणाल्या, काम धरा, मन मागून येईल. रोजच्या तक्त्यात तासातासाला काय केलं आणि तेव्हा कसं वाटलं ते लिहायचं. पहिल्या आठवड्यात ठरलं, रोज एक ब्लाउज पुरा करायचा. मला जमलं नाही. दुसऱ्या भेटीला गुण १६, तिसऱ्या भेटीला परत १७. मी रडले. ताईंनी तक्ता समोर घेतला आणि बोट ठेवलं : दुपारी दोन ते चार या वेळेत रोज मन सगळ्यात खाली जातंय, आणि त्या वेळी मी दुकानात एकटी असते. मग ब्लाउज बाजूला ठेवला. दुपारी फक्त हूक लावायचे, तेही शेजारच्या बांगडीवाल्या काकूंच्या ओट्यावर बसून. चौथ्या भेटीला १३. आठव्या भेटीला ६. सहाव्या की सातव्या आठवड्यात एका नवरीचे पाच ब्लाउज मी सांगितलेल्या दिवशी दिले.

आणखी एक गोष्ट फार आवडली. माझी परवानगी घेऊन दोन भेटींचं बोलणं त्यांनी ध्वनिमुद्रित केलं. त्यांच्या बरोबरीच्या समुपदेशक ते ऐकतात आणि कुठे रीत सुटली, कुठे जास्त सल्ले दिले, ते एकमेकींना सांगतात. आपलं काम दुसरीला तपासायला देणारी माणसं मला खरी वाटतात.

उणीवाही आहेत. केंद्र अकरा ते चार उघडं, म्हणजे दुकानदार बाईनं धंदा बंद ठेवून जायचं. आठवड्यातून एक संध्याकाळ तरी ठेवावी. तक्त्यावर 'आनंददायी कृती' असं छापलंय. ते वाचून मला वाटलं, सहलीला जायचं असेल. ताईंनी खोडून 'बरं वाटेल असं काम' लिहून दिलं, मग समजलं. छापतानाच तसं छापा. आणि माझ्या नवऱ्याला पहिल्या-दुसऱ्या भेटीलाच बोलवायला हवं होतं. सहाव्या भेटीला ते आले, तोवर मी आळशी झालेय असंच ते धरून चालले होते.

पावसाचं मात्र राहिलंय. रात्री पत्र्यावर जोर वाढला की माझ्या छातीत धडधड होते, उठून वशिष्ठी नदीचं पाणी कुठवर आलं ते मोबाईलवर बघत बसते. आठ भेटींनी ते गेलं नाही. ताई म्हणाल्या, हे नैराश्य नाही, पुराची भीती आहे, त्यावरचा उपचार वेगळा आणि मी तो शिकलेले नाही. त्यांनी रत्नागिरीच्या एका मानसोपचारतज्ज्ञांना चिठ्ठी दिली. गेल्या महिन्यात पहिल्यांदा एसटीनं जाऊन आले. तिथेही बसल्या बसल्या मी आधी विचारलं, डॉक्टर, हे मोजणार कसं?