एस्ट्रॅडिओलचा पॅच: झोपेसाठी घ्या, स्मरणशक्तीचं औषध म्हणून नको

मी शिक्षिका आहे, नावं आणि शब्द यांवरच माझं काम चालतं. पाळी जाण्याच्या सुमारास वर्गातल्या मुलीचं नाव अगदी ओठांवर यायचं आणि तिथंच अडायचं. फळ्याकडे वळले की अर्धं बोललेलं वाक्य सुटून जायचं. रात्री अंगातून वाफा निघायच्या, घामानं उशी ओली व्हायची. एका डॉक्टरांनी ‘वय झालं’ म्हणून वाटेला लावलं. दुसऱ्यांनी सगळं नीट विचारून एस्ट्रॅडिओलचा, म्हणजे एस्ट्रोजेन या स्त्री-हॉर्मोनच्या एका प्रकाराचा पॅच लिहून दिला.

पातळ, पारदर्शक चिकटपट्टीच ती. कमरेखाली, पोटावर लावायची, स्तनांवर कधीच नाही. माझी आठवड्यातून दोनदा बदलावी लागते, दर वेळी नवी जागा. त्वचा कोरडी हवी. अंगाला क्रीम लावलेलं असेल तर कड उचलली जाते. काढल्यावर डिंकाची काळपट चौकट राहते, ती तेलाच्या बोळ्यानं पुसली की निघते. गर्भाशय असेल तर सोबत प्रोजेस्टेरॉन हे दुसरं स्त्री-हॉर्मोन हवंच, नाहीतर आतलं अस्तर वाढून कर्करोगाचा धोका वाढतो.

वाफा थांबल्या, सलग झोप लागू लागली आणि नावंही वेळेवर आठवू लागली. याचं श्रेय मी झोपेला देते. ‘कीप्स’ या अमेरिकी अभ्यासात नुकतीच पाळी गेलेल्या बायकांना गोळी, पॅच किंवा नुसतंच दिखाऊ औषध दिलं होतं. 4 वर्षांनी स्मरणशक्तीत फरक दिसला नाही, फायदा नाही आणि तोटाही नाही. शिवाय पाळी जाण्याच्या काळात मंदावलेली नवं शिकण्याची गती पाळी गेल्यावर पुष्कळ जणींत आपोआप सावरते.

उशिरा सुरू करण्याची गोष्ट मात्र वेगळी. 2003 मध्ये जाहीर झालेल्या मोठ्या चाचणीत 65 च्या पुढच्या बायकांना एस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टिन (प्रोजेस्टेरॉनसारखं औषध) यांची एकत्र गोळी दिली, तेव्हा स्मृतिभ्रंशाचं प्रमाण दुप्पट झालं: वर्षाला 10,000 जणींमागे सुमारे 23 जास्त. ती गोळी होती, पॅच नव्हे, तरीही आईच्या वयाच्या बाईला मी हा पॅच सुचवणार नाही.

वाफांनी झोप उडाली असेल तर पॅचबद्दल जरूर विचारा. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताच्या गुठळ्या होऊन गेल्या असतील तर ते आधी सांगा. वाफा नाहीत, नुसतंच विसरायला होतंय, तर आधी थायरॉइड आणि बी-12 तपासून घ्या.