कॉलेजच्या पोरांचं हवामान शिबिर, लातूर (४ स्टार)
रविवारी लेकीला घेऊन गेलतो, फुकट आहे. वाटलं घोषणा अन् सेल्फी असंल, पण पोरांनी सुरुवातच २०१६ च्या पाण्याच्या रेल्वेपासून केली, मिरजेहून पहिल्या खेपेला १० वॅगन, ५ लाख लिटर, आम्ही घागरी घेऊन लाईनीत उभे होतो तवा ही लेकरं शाळेत असतील बघा. मग ऊस किती पाणी पितो, बोअर खोल खोल का चाललेत, हे लई भारी सांगायलेते, शेजारचे ऊसवाले काका नुसती चुळबुळ करायलेते 😄 कार्बनचं मात्र डोक्यावरून गेलं, माईकची खरखर वेगळीच. बाटल्या नाहीत, माठ ठेवलता, हे आवडलं. एक स्टार कापला कारण १० चं शिबिर सव्वाअकराला सुरू, तेही ऐन उन्हाळ्यात पत्र्याखाली!